साधं ऑपरेशन: नाकाच्या पडद्याची सव्वाशे वर्षं

एक नाकपुडी सतत चोंदू लागली की आपल्याकडे निदान घरातच होतं: ‘नाकाचं हाड वाढलंय.’ बहुतेकदा वाढलेलं काहीच नसतं. दोन नाकपुड्यांमधला पडदा, पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा, एका अंगाला कललेला असतो. डॉक्टरांच्या कागदावर त्याला ‘डीएनएस’ म्हणतात आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं, साधंच ऑपरेशन आहे. हे वाक्य खोटं नाही. पण ते खरं व्हायला सव्वाशे वर्षं लागली, आणि त्यातल्या बऱ्याच सुधारणांची किंमत आधी कुणातरी रुग्णाने मोजली.

एकोणिसाव्या शतकातले उपाय दांडगे होते. वाकडा पडदा चिमट्यात धरून मोडायचा आणि आधार देऊन सरळ ठेवायचा, किंवा पुढे आलेला उंचवटा बारीक करवतीने कापून टाकायचा. त्याबरोबर वरची त्वचाही जायची आणि पडद्याला कायमचं भोक पडायचं. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचा भूल म्हणून उपयोग दाखवला. नाकाच्या डॉक्टरांनीही ते लगेच उचललं, कारण आता रुग्ण शांत बसू शकत होता आणि सर्जनला सावकाश काम करता येत होतं. १९०२ मध्ये शिकागोचे ओटो फ्रीअर आणि १९०४ मध्ये जर्मनीतले गुस्ताव किलियान यांनी नवी पद्धत मांडली: दोन्ही बाजूंची नाजूक त्वचा अलगद सोडवायची आणि आतली वाकडी कूर्चा व हाड काढून घ्यायचं. वरच्या कण्याशी आणि पुढच्या कडेशी कूर्चेची सुमारे एक सेंटिमीटरची पट्टी राखा, असं किलियान यांनी बजावलं होतं. नाकाचं छप्पर त्या पट्टीवर उभं असतं.

ही ताकीद सगळ्यांनी पाळली नाही. जास्त कूर्चा गेलेल्या रुग्णांचं नाक काही काळाने मधोमध खचून घोड्याच्या खोगिरासारखं दिसू लागे. दोन्ही बाजूंची त्वचा समोरासमोर फाटली तर पुन्हा भोक. मग श्वास घेताना शिटी वाजते, खपल्या धरतात, रक्त येतं. १९४० च्या दशकाअखेर शिकागोचे मॉरिस कॉटल यांनी विचाराची दिशाच बदलली. पडदा काढून टाकू नका, सरळ करून जागेवर ठेवा, हा त्यांचा आग्रह. आज ‘सेप्टोप्लास्टी’ म्हणतात ती या विचारातून आली. या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठं श्रेय मी त्यांना देईन.

मात्र खरा धडा शिकवला तो अतिशय विरळ गुंतागुंतींनी. १९७८ मध्ये अमेरिकेत जेम्स टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात मुलांमध्ये आढळलेल्या एका आजाराला ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ असं नाव दिलं. दोन वर्षांनी हा आजार मासिक पाळीत वापरल्या जाणाऱ्या टॅम्पॉनशी जोडला गेला आणि मोठी खळबळ उडाली. त्यानंतर काही काळातच नाकाच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्णही नोंदले जाऊ लागले. दुवा उघड होता, शरीराच्या पोकळीत ठासून ठेवलेला बोळा. रक्त थांबावं म्हणून नाकात भरलेल्या गॉजच्या आडोशाला स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू वाढतो आणि त्याचं विष रक्तात उतरतं. एक-दोन दिवसांत सणकून ताप, उलट्या, जुलाब, उन्हाने भाजल्यासारखी लाल झालेली कातडी आणि झपाट्याने खाली जाणारा रक्तदाब. नाकात पू दिसेलच असं नाही. भल्याभल्यांची फसगत होते ती इथेच, कारण जखम स्वच्छ दिसत असते आणि रुग्ण खालावत असतो. १९८६ च्या एका अमेरिकी अभ्यासाने हे प्रमाण एक लाख शस्त्रक्रियांमागे सुमारे १६.५ असल्याचा अंदाज दिला. बहुतेक प्रौढांच्या रक्तात या विषाविरुद्धची प्रतिपिंडं आधीच असतात, म्हणून आकडा इतका लहान. पण ज्याच्याकडे ती नसतात, त्याला आकड्याच्या लहानपणाचा काय उपयोग?

या भीतीने नाकातला बोळा कमी झाला, ही मोठी गोष्ट आहे. पूर्वी तो कित्येक दिवस राही आणि काढताना रुग्णाच्या डोळ्यांतून पाणी येई. पुढे तो एक-दोन दिवसांवर आला. नंतर पडद्याच्या दोन्ही त्वचा गोधडीसारख्या टाक्यांनी एकमेकींना शिवून टाकायची रीत रुळली, आणि पुष्कळ ठिकाणी बोळा लागेनासाच झाला.

दुसरा धोका वरच्या बाजूला. पडद्याचं मागचं हाड थेट कवटीच्या तळाशी, चाळणीसारख्या पातळ हाडाला जोडलेलं असतं. ते पिरगाळून ओढलं तर चाळणीला तडा जाऊन मेंदूभोवतालचं पाणी नाकातून ठिबकू शकतं. म्हणूनच ते आधी वरून कापून मोकळं करायचं, कधीही पिळायचं नाही, असं शिकवतात. गळती राहिली तर जंतूंना मेंदूच्या आवरणापर्यंत वाट मिळते. १९२६ मध्ये वॉल्टर डँडी यांनी असं छिद्र बुजवलं ते कवटी उघडून. १९८० च्या दशकापासून हे काम नाकातूनच दुर्बिणीने होऊ लागलं आणि आता ते बहुतेकदा पहिल्याच प्रयत्नात यशस्वी होतं.

बाकीच्या धोक्यांबद्दल थोडक्यात. वरचे पुढचे दात आणि त्यामागची टाळू काही आठवडे बधिर राहू शकते, कारण तिथली नस पडद्यावरून खाली उतरते. बहुधा संवेदना परत येते. वास कमी होणं क्वचित कायमचं ठरतं. त्याहून विरळ म्हणजे दृष्टी जाणं: नाकात जोराने दिलेलं इंजेक्शन रक्तवाहिन्यांतून उलटं डोळ्यापर्यंत पोहोचू शकतं. म्हणून सुई टोचल्यावर आधी ती रक्तवाहिनीत नाही याची खात्री करतात आणि औषध हळूहळू सोडतात.

हे वाचून कुणी शस्त्रक्रिया टाळावी असं मला मुळीच वाटत नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या २०३ रुग्णांच्या आणि २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या ३७८ रुग्णांच्या चाचण्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांना शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांपेक्षा स्पष्ट आराम मिळाला. माझं म्हणणं इतकंच की ‘विरळ’ हा शब्द न सांगण्याची सबब होऊ नये. संमतिपत्रावर सही घेताना डॉक्टरांनी पाच मिनिटं जास्त द्यावीत आणि नातेवाइकांनी ती मागून घ्यावीत.

घरी आल्यावर ताप चढला आणि अंगावर लाली आली, चक्कर येऊ लागली, दोन्ही बाजूंनी नाक एकदम बंद होऊन ठणकू लागलं, दिसण्यात फरक पडला, किंवा पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ, खारट काही टपकलं, तर सर्दी समजून सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी त्याच वेळी रुग्णालय गाठा आणि नाकाची शस्त्रक्रिया झाली आहे हे दारातच सांगा.