सप्तकाचे किती भाग?

सप्तकाचे सारखे भाग करायचे तर किती करावेत, हे संगणकाला विचारायला पायथॉनच्या दहा-बारा ओळी पुरतात. एक लूप ५ पासून ७२ पर्यंत फिरतो. प्रत्येक आकड्याला तो सप्तकाचे तेवढे समान तुकडे पाडतो, शुद्ध पंचम आणि शुद्ध गंधार यांच्या सर्वांत जवळची पायरी शोधतो आणि ती किती चुकते ते छापतो. अवघड भाग यानंतर येतो. छापून आलेल्या आकड्यांतून चांगलं कोणतं म्हणायचं, हे संगणक सांगत नाही.

माप सेंटमध्ये घ्यायचं. अलेक्झांडर एलिस यांनी जगभरच्या स्वरसप्तकांवरच्या १८८५ च्या निबंधात ते वापरलं आणि पुढे तेच रूढ झालं. पूर्ण सप्तक १२०० सेंटचं, म्हणजे आपल्या पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. कंपनसंख्यांचं गुणोत्तर घ्या, त्याचा दोनच्या पायाचा लॉगॅरिदम काढा आणि १२०० ने गुणा. शुद्ध पंचमाचं गुणोत्तर ३/२, म्हणजे ७०१.९५५ सेंट. पेटीचा पंचम ७००. दोन सेंटांचाही फरक नाही, आणि पेटीचं सगळं वैभव या एका जुळणीवर उभं आहे. गंधार मात्र ५/४ चा, ३८६.३१४ सेंटचा. पेटी त्याला ४०० वर नेते, जवळजवळ १४ सेंट चढा.

१४ सेंट हा कागदावर किरकोळ आकडा आहे. सा २४० हर्ट्झचा धरला तर शुद्ध गंधार ३०० चा आणि पेटीचा ३०२.३८ चा. साच्या पाचव्या उपस्वराची गंधाराच्या चौथ्या उपस्वराशी गाठ पडते. एक १२०० वर, दुसरा १२०९.५ वर. दोन्ही सूर एकत्र धरले की आवाज सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथरतो. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकलेल्या माणसाला पेटीचा गंधार का खटकतो, ते या थरथरीवरून मोजता येतं.

हे ऐकायचं म्हणून मी स्क्रिप्टला ध्वनिफाइल बनवायचं फंक्शन जोडलं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते. नुसती साइन लाट वाजवली तर चांगलं आणि वाईट सप्तक यांत फारसा फरक ऐकूच येत नाही, कारण साइन लाटेला उपस्वर नसतात आणि भांडण तर त्यांचंच असतं. प्रत्येक सुराला आठ-दहा उपस्वर, उतरत्या जोराने, द्यावे लागतात. मग १२ भागांचा गंधार थरथरतो आणि ३१ भागांचा (३८७.०९७ सेंट, जेमतेम पाऊण सेंट चढा) जवळजवळ स्थिर उभा राहतो. केवळ आकड्यांवर निकाल देणारी साधनं मला म्हणूनच अर्धवट वाटतात.

क्रमवारीचा पहिला पेच लगेच येतो. चूक फक्त सेंटमध्ये मोजली आणि लूप ५०० पर्यंत नेला, तर यादीच्या डोक्यावर मोठे आकडेच बसतात. यात त्या आकड्यांचं कर्तृत्व काही नाही. पायरी बारीक झाली की कुठली ना कुठली पायरी जवळ येणारच. म्हणून चूक पायरीच्या मापाने भागायची. मग गंमत दिसते. १२ भागांत पंचम पायरीच्या २ टक्के चुकतो आणि गंधार १३.७ टक्के. ३१ भागांत गंधार २ टक्के चुकतो आणि पंचम १३.४ टक्के. जणू दोघांनी गुण-दोषांची अदलाबदल केली आहे. १९ भागांत हे दोन्ही सूर सात-सात सेंट उतरलेले, पण कोमल गंधार अवघा ०.१५ सेंट चुकतो.

आता मोठ्या आकड्याला दंड किती लावायचा? चुकीला भागांच्या संख्येने गुणायचं, की तिच्या दीड घाताने? घात वाढवला की १२ आणि १९ वर येतात, कमी केला की ५३ च्या पुढचे. गणिताचं काम इथे संपतं आणि आवड सुरू होते. साधन लिहिणाऱ्याने ती आवड लपवू नये. जीन वॉर्ड स्मिथ यांनी यासाठी थेट रीमानच्या झीटा फलनाची शिखरं वापरली. मूळ संख्यांच्या अभ्यासातलं ते फलन १२, १९, २२, २७, ३१, ४१, ५३ याच आकड्यांवर उंच उठतं. फार देखणी पद्धत आहे, पण तिच्यात सगळ्या गुणोत्तरांचा एकत्र हिशेब होतो. माझं गाणं कुठल्या सुरांवर चालतं, हे तिला विचारता येत नाही.

दुसरा पेच अधिक बोचरा. सप्तकाचे १४ भाग करा. पायरी ८५.७१ सेंटची. शुद्ध पंचमाला जवळची पायरी आठवी. सा ते शुद्ध गंधार या अंतराला जवळची पाचवी, आणि गंधार ते पंचम या ६/५ च्या अंतराला जवळची चौथी. पाच आणि चार नऊ. पण पंचम तर आठवर! प्रत्येक अंतर सुटं घेतलं तर उत्तर बरोबर, आणि जोडायला गेलं की गायक गंधारावरून चढून पंचमाच्या पुढे एक पायरी निघून जातो. पॉल अर्लिक यांनी ही सुसंगतीची कसोटी मांडली. कोडमध्ये ती तपासायची तर सर्व जोड्यांवर आणखी एक लूप लागतो, आणि तो टाकल्याबरोबर यादी आखडते. १७ भागही इथेच गळतात. त्यांचा पंचम चार सेंटांच्या आत असतो, पण गंधार ३३ सेंट उतरलेला.

यावर उपाय म्हणून अनुभवी लोक प्रत्येक गुणोत्तराला जवळची पायरी शोधतच नाहीत. ते फक्त २, ३ आणि ५ यांच्या पायऱ्या ठरवतात. ३१ भागांसाठी त्या ३१, ४९, ७२. ५३ भागांसाठी ५३, ८४, १२३. बाकीचे सगळे सूर याच तीन आकड्यांच्या बेरीज-वजाबाकीतून काढायचे. म्हणजे विसंगतीला जागाच उरत नाही, आणि कुठले दोन सूर एकाच पट्टीवर कोसळतात हे लख्ख दिसतं.

आपल्या दृष्टीने सगळं मर्म इथे आहे. चतुःश्रुती रिषभ ९/८ आणि त्रिश्रुती रिषभ १०/९ यांच्यातलं अंतर ८१/८०, म्हणजे २१.५ सेंट. १२ भागांत त्याच्या वाट्याला शून्य पायऱ्या येतात. १९ मध्ये शून्य, ३१ मध्येही शून्य. डच शास्त्रज्ञ ह्यूजेन्सने १६९१ मध्ये वाखाणलेल्या ३१ भागांत गंधार इतका गोड लागतो, त्याची किंमत हीच. हॉलंडमध्ये फोक्कर यांचा ३१ स्वरांचा ऑर्गन १९५० पासून आहे. युरोपच्या जुन्या संगीताला तो शोभतो, कारण त्या संगीताला हे दोन रिषभ एकच हवे होते. आपल्याला नको आहेत.

मग २२ श्रुती म्हणजे सारखे २२ भाग का नाहीत? इंग्रज अभ्यासक बोझँकेट यांनी १८७७ मध्ये हिंदू सप्तकविभागणीवरच्या निबंधात हा विचार करून पाहिला होता. आकडे तर मोहात पाडतात. २२ भागांत ९/८ ला चार पायऱ्या, १०/९ ला तीन, १६/१५ ला दोन. भरताच्या चार-तीन-दोन श्रुतींशी तंतोतंत. पण पंचम ७०९ सेंटवर जातो. २४० च्या साबरोबर तो सेकंदाला तीन हेलकावे घेतो, आणि पंचमावर जुळवलेल्या तंबोऱ्यापुढे हे कोणी सहन करणार नाही. श्रुती समान नव्हेत, हे स्क्रिप्टने एका ओळीत सांगितलं.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं, पुढे ई. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याबरोबर श्रुतींच्या पेटीचा खटाटोपही झाला. आज पुस्तकांत सर्रास छापली जाते ती २५६/२४३, १६/१५, १०/९, ९/८ अशी २२ गुणोत्तरांची यादी मी स्क्रिप्टला दिली. ३१ भागांत, वरच्या पद्धतीने, २२ चे १२ सूर उरले. ५३ भागांत २२ ला २२ वेगळ्या पायऱ्या मिळाल्या आणि एकही सूर १.६ सेंटपेक्षा जास्त चुकला नाही. तेव्हा रागसंगीतासाठी समान भागच करायचे असतील, तर माझं मत ५३ ला. दरबारीचा आंदोलित गंधार त्यातही बसायचा नाही, कारण तो एका पायरीवर थांबतच नाही.

ऐकून पाहायचं असेल तर मॅन्युएल ओप द काउल यांच्या ‘स्काला’ या मोफत सॉफ्टवेअरची फाइल-पद्धत वापरा. सर्ज एक्सटी हा मोफत सिंथेसायझर ती थेट वाचतो. त्या फाइलीत दशांशचिन्ह असलेला आकडा सेंट समजला जातो आणि नसलेला गुणोत्तर, म्हणून १०० सेंट लिहिताना १००.० असंच लिहा. आणि स्वतःची स्क्रिप्ट लिहिणार असाल तर चाचणीच्या यादीत दोन्ही धैवत घाला, ५/३ आणि २७/१६. ३१ भागांत दोघांपुढे २३ छापून येईल, ५३ भागांत ३९ आणि ४०.