संगणकाच्या वेगळ्या खोलींतील हत्यारें

एकाच संगणकावर दोन कामें चाललीं आहेत. एकाला पायथनची जुनी आवृत्ति हवी, दुसऱ्याला नवी. एकासाठीं केलेली मांडणी दुसऱ्याचें काम बिघडविते. ही तक्रार आपण घरांतील तरुण मंडळींकडून ऐकली असेल. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठांत ईल्को डोल्स्ट्रा यांनीं २००३ सालीं ‘निक्स’ नांवाचें साधन रचण्यास आरंभ केला. त्यानें या तक्रारीवर काढलेला उपाय समजून घेण्याजोगा आहे.

आज्ञा लिहून संगणकाशीं बोलण्याच्या जागेला ‘शेल’ म्हणतात. शेलजवळ ‘पाथ’ नांवाची एक यादी असते. तींत कपाटांचे पत्ते ओळीनें लिहिलेले असतात. आपण आज्ञा दिली कीं तो पहिल्या कपाटापासून शोधूं लागतो, आणि त्या नांवाचा जो प्रोग्राम प्रथम हातीं लागेल तोच चालवितो. सारी मेख येथें आहे. निक्स प्रत्येक पॅकेज आपल्या कोठारांत स्वतंत्र ठेवतें. नांवाआधीं ३२ अक्षरांची खूण असते, म्हणून दोन आवृत्त्या शेजारीं सुखानें नांदतात. विकासासाठीं वेगळा शेल उघडला कीं हव्या त्या पॅकेजचें ‘बिन’ हें कपाट त्या शेलपुरतें यादीच्या अग्रभागीं बसतें. बाहेरची यादी जशीच्या तशी राहते.

पुष्कळांची फसगत होते ती पुढें. एखाद्या पॅकेजचाच विकास-शेल उघडला, तर तें बांधण्याचें साहित्य मिळतें, खुद्द तें पॅकेज नव्हे! मास्तरकीची संवय म्हणून दाखला देतों: डाळ, गूळ, कणीक ओट्यावर मांडली म्हणजे पुरणपोळी ताटांत पडत नाहीं. शेलच्या वर्णनांत ‘इनपुट्सफ्रॉम’पुढें नांव लिहिलें तरी परिणाम तोच. प्रोग्राम चालवावयास हवा, तर नांव ‘पॅकेजेस’ या यादींत घालावें. दोन्हींकडे घालण्यासही हरकत नाहीं.

‘वेगळा’ हा शब्दही जपूनच घ्यावा. साध्या निक्स-शेलांत जुनी यादी मागें जोडलेलीच राहते. त्यामुळें वर्णनांत लिहावयाचें राहिलेलें हत्यार बाहेरून सांपडतें, काम बिनबोभाट चालतें, आणि खोट उघडकीस येते ती सहकाऱ्याच्या यंत्रावर, बहुधा ऐन घाईच्या वेळीं. ‘प्युअर’ ही सूचना दिली तर बाहेरचें जवळजवळ सर्व वगळलें जातें. तरी ती भिंत नव्हे, पडदा आहे. पूर्ण पत्ता दिल्यास बाहेरचा प्रोग्राम तेव्हांही चालतो. परक्या, अविश्वासू प्रोग्रामास कोंडण्याचीं साधनें निराळीं. पण आपलें वर्णन दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं तें एकदां ‘प्युअर’ शेलांत चालवून पाहावें. कोणतें हत्यार लिहावयाचें राहिलें तें बहुधा तेथेंच कळतें.