धरणातून मुद्दाम सोडलेला पूर! ग्रँड कॅनियनमधील वाळूसाठी ‘विसर्ग’ कसा ठरतो?

पावसाळ्यात ‘कोयनेतून विसर्ग वाढवला’, ‘खडकवासल्यातून इतके क्युसेक पाणी सोडले’ अशा बातम्या आपण रोज वाचतो. धरणात जागा राहावी आणि धरण सुरक्षित राहावे, यासाठी हे पाणी सोडले जाते. खालच्या गावांत पूर येऊ नये, हीच तेव्हा सगळ्यांची चिंता असते. अमेरिकेतील कोलोराडो नदीवर मात्र नेमके उलटे केले जाते. तिथे धरणाचे व्यवस्थापन अधूनमधून ठरवून पूर आणते, तोही पाण्यासाठी नव्हे, तर वाळूसाठी. १९९६ पासून सुरू असलेला हा प्रयोग काय आहे, त्यातून काय साधले आणि आता तो अडचणीत का आला आहे?

वाळू गेली कुठे?

अ‍ॅरिझोना राज्यात, ग्रँड कॅनियनच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरण आहे. २१६ मीटर उंचीच्या या धरणाचे दरवाजे १९६३ मध्ये बंद झाले आणि मागे लेक पॉवेल हा प्रचंड जलाशय तयार होऊ लागला. ‘कोलोराडो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच तांबूस रंगाची. गाळामुळे नदी वर्षातला बराच काळ तशीच दिसायची. धरण झाल्यावर तो गाळ जलाशयात बसू लागला आणि धरणाखाली पाणी येऊ लागले ते थंड, स्वच्छ, हिरवट.

स्वच्छ पाणी ऐकायला चांगले वाटते, पण नदीच्या दृष्टीने ते ‘भुकेले’ पाणी असते. त्यात वाळू नसते, पण वाळू वाहून नेण्याची ताकद असते. त्यामुळे काठावर आधीपासून असलेली वाळू ते उचलून नेते. आता वाळूचा आधार उरला तो दोन उपनद्यांचा. धरणापासून सुमारे २५ किलोमीटर खाली पारिया नदी मिळते आणि त्याच्याही बरीच खाली लिटल कोलोराडो. धरणापूर्वी कॅनियनमध्ये जेवढी वाळू यायची, त्याच्या सुमारे ६ टक्के वाळू आता वरच्या भागात आणि सुमारे १६ टक्के वाळू लिटल कोलोराडोच्या संगमाखाली पोहोचते.

वाळूच्या दांड्यांचे एवढे महत्त्व काय?

पंढरपूरला चंद्रभागेचे वाळवंट नसेल तर वारकऱ्यांनी टेकायचे कुठे? ग्रँड कॅनियनच्या उभ्या कड्यांमध्ये नदीतून प्रवास करणाऱ्यांसाठी वाळूचे दांडे तसेच आहेत. राफ्टिंग करणाऱ्यांना रात्रीच्या मुक्कामाला दुसरी सपाट जागा फारशी नसते.

दांड्यांच्या आडोशाला तयार होणारे संथ, उथळ पाणी लहान माशांना आसरा देते. हम्पबॅक चब हा इथला स्थानिक मासा त्यापैकीच एक. तो अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत होता, २०२१ मध्ये त्याचा दर्जा ‘धोक्यात असलेला’ असा थोडा सुधारण्यात आला.

तिसरे कारण वाऱ्याशी जोडलेले आहे. दांड्यावरची कोरडी वाळू वाऱ्याने उडते आणि काठावरच्या प्राचीन वस्त्यांच्या अवशेषांवर तिचा थर बसतो. वाळूचे हे पांघरूण निघाले की पावसाच्या ओघळांनी अवशेष उघडे पडतात. होपी, झुनी, नवाहो आदी मूलनिवासी समाजांसाठी ही पूर्वजांची जागा आहे.

पाणी वाळू वाहून नेते, मग पुराने दांडे वाढतात कसे?

यामागचे विज्ञान सोपे आहे. नदीच्या तळाशी पडलेली वाळू रोजच्या प्रवाहात हळूहळू खाली सरकत राहते. ती काठावर उंच चढत नाही. प्रवाह एकदम खूप वाढला, तर तळाची वाळू उसळून पाण्यात मिसळते आणि पाण्याची पातळीही कित्येक फूट चढते.

बाजूच्या ओढ्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांमुळे नदीचे पात्र जागोजागी अरुंद झाले आहे. त्या अडथळ्याच्या खालच्या बाजूला पाणी उलटे फिरते. या भोवऱ्यात पाण्याचा वेग कमी असतो, त्यामुळे वाळू खाली बसते. पूर ओसरला की काठावर, रोजच्या पातळीच्या वर, ताजा दांडा दिसू लागतो. थोडक्यात, पूर नवी वाळू आणत नाही. तळाशी आहे ती उचलून काठावर ठेवतो.

पहिला प्रयोग कधी झाला?

अमेरिकी संसदेने १९९२ मध्ये ग्रँड कॅनियन संरक्षण कायदा केला. धरण चालवताना खालच्या नदीचाही विचार करणे त्यामुळे बंधनकारक झाले. २६ मार्च १९९६ रोजी तत्कालीन अंतर्गत मंत्री ब्रूस बॅबिट यांच्या हस्ते धरणाच्या झडपा उघडल्या गेल्या आणि ४५ हजार क्युसेकचा विसर्ग सात दिवस सुरू राहिला.

या सात दिवसांत नदीतून सुमारे २७ टीएमसी पाणी वाहिले. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतील चारही धरणांची एकत्रित क्षमता २९ टीएमसीच्या आसपास आहे, यावरून अंदाज यावा. तरीही कोलोराडोच्या जुन्या पुरांपुढे हा पूर लहानच. धरणापूर्वी बर्फ वितळण्याच्या हंगामात प्रवाह सरासरी ८० हजार क्युसेकच्या पुढे जात असे.

मग चुकले काय?

पूर ओसरल्यावर उंच, पांढरे दांडे दिसले आणि सुरुवातीला सगळेच खूश झाले. मोजमापे हाती आल्यावर चित्र बदलले. उपनद्यांची वाळू नदीच्या तळाशी वर्षानुवर्षे साठत असेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती फार काळ टिकत नव्हती. नव्या दांड्यांची बरीचशी वाळू जुन्या दांड्यांच्याच पाण्याखालच्या भागातून आली होती. म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात ठेवल्यासारखे झाले, शिवाय काही वाळू कायमची वाहून गेली.

यातून नियम ठरला की आधी वाळू मोजायची, मग पाणी सोडायचे. अ‍ॅरिझोनातही जुलै ते सप्टेंबरदरम्यान मोसमी पाऊस पडतो. तेव्हा पारिया नदीला गढूळ पूर येतात. ती वाळू खाली सरकण्याआधीच पूर सोडला तर फायदा होतो. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आणि २००८ च्या मार्चमध्ये सुमारे ४१ हजार क्युसेकचे, ६० तासांचे प्रयोग याच तत्त्वावर झाले.

२०१२ मध्ये त्याची रीतसर कार्यपद्धती ठरली. उपनद्यांतून किती वाळू आली आणि किती पुढे गेली, याचा हिशेब अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे शास्त्रज्ञ ठेवतात. बँक खात्याप्रमाणे शिल्लक पुरेशी असेल तरच विसर्गाची शिफारस होते. त्यानुसार २०१२, २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पूर सोडले गेले.

दांडे किती टिकतात?

हाच या प्रयोगाचा कमकुवत दुवा आहे. ग्लेन कॅनियनचे वीजगृह मागणीनुसार चालते. विजेची मागणी वाढली की पाणी जास्त, घटली की कमी. या रोजच्या चढउताराने दांड्यांच्या कडा ढासळतात. नव्या वाळूचा मोठा भाग सहा महिने ते वर्षभरात पुन्हा नदीत जातो. त्यामुळे एकच पूर पुरत नाही, तो पुन्हा पुन्हा आणावा लागतो.

याची किंमत कोण मोजते?

शेती आणि शहरांना मिळणारे वर्षाचे एकूण पाणी पुरामुळे घटत नाही. सोडलेले पाणी वार्षिक कोट्यातूनच जाते, फक्त ते कधी सोडायचे हे बदलते. तोटा होतो तो विजेचा. वीजगृहातील आठ टर्बाइनमधून जास्तीत जास्त ३१ हजार क्युसेकच्या आसपास पाणी जाते. त्यावरचे पाणी नदी विमोचकांतून, म्हणजे टर्बाइनना वळसा घालणाऱ्या चार पोलादी नळांतून सोडावे लागते. त्यावर एक युनिटही वीज तयार होत नाही. म्हणूनच वीज घेणाऱ्या संस्था आणि पर्यावरणाचा आग्रह धरणारे गट यांच्यात दरवेळी ओढाताण होते.

आता अडचण काय आहे?

दीर्घ दुष्काळामुळे लेक पॉवेलची पातळी घसरत गेली आणि २०२३ च्या सुरुवातीला ती विक्रमी नीचांकावर पोहोचली. २०१८ नंतर चार वर्षे एकही पूर सोडला गेला नाही. त्या हिवाळ्यात भरपूर बर्फ पडल्यावर एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ३९,५०० क्युसेकचा, ७२ तासांचा विसर्ग करण्यात आला.

त्यानंतरच्या तपासणीत विमोचकांच्या नळांच्या आतील भागाची झीज झाल्याचे आढळले. वेगाने धावणाऱ्या पाण्यात दाब अचानक घटला की वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते धातूजवळ फुटताना बसणाऱ्या सूक्ष्म धक्क्यांनी पृष्ठभाग खरवडला जातो. जलाशयाची पातळी कमी असताना हा धोका वाढतो. नळांना आतून नवा थर देण्याचे काम हाती घेण्यात आले.

प्रश्न केवळ दुरुस्तीचा नाही. जलाशय वीजनिर्मितीच्या किमान पातळीखाली गेला, तर पाणी खाली सोडण्याचा मार्ग हे चार नळच उरतात. कोलोराडोच्या पाण्यावर सात राज्यांतील आणि मेक्सिकोतील सुमारे चार कोटी लोक अवलंबून आहेत. वाळूसाठी हे नळ किती वापरायचे, हा प्रश्न त्यामुळे अधिकच नाजूक झाला आहे.

लेक पॉवेल आणि खालच्या लेक मीडमधील पाण्याचे व्यवस्थापन ज्या २००७ च्या नियमांनुसार चालते, त्यांची मुदत २०२६ अखेर संपते. नव्या नियमांत जलाशयाची पातळी किती राखायची ठरते, यावर हे पूर पुढे किती वेळा सोडता येतील हे अवलंबून असेल. तोवर पारियाला येणारा प्रत्येक गढूळ पूर कॅनियनच्या खात्यात थोडी वाळू जमा करेल, पण काठावर चढवणारा पूर आला नाही, तर ती तशीच पुढे वाहून जाईल.