ज्यू आहारनियमांतील 'निवडणे' : एक विवेचन

प्रस्तावना :
कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाज पूर्वी तेलाचे घाणे चालवीत असे. शब्बाथनिमित्त शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे हे लोक 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले. ज्यू आहारनियमांची चर्चा बहुधा मांस व मासळीपुरती होते. वस्तुतः धान्य व भाजीपाला यांच्याशीही त्यांचा निकटचा संबंध आहे.

विवेचन :
'लेवीय' ग्रंथाच्या ११ व्या अध्यायाने काही टोळ वगळता कीटक निषिद्ध ठरविले आहेत. भाजी निषिद्ध नसते. निषिद्ध असतो तो तिच्यातील कीटक. अखंड कीटक पुष्कळ अन्नात मिसळला तरी धर्मशास्त्र तो नगण्य मानीत नाही. म्हणून पालेभाजीची पाने धुऊन उजेडात पाहणे, पीठ चाळणे, तांदूळ व डाळी निवडणे हे धर्मकर्तव्य ठरते. मात्र नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जीव या निषेधात येत नाही. यावरून हा नियम आणि आधुनिक आरोग्यशास्त्र यांतील भेद स्पष्ट होतो.

मराठी घरांतही सोंडे, अळ्या काढून धान्य निवडतात. तेथे तो प्रामुख्याने स्वच्छतेचा भाग असतो. ज्यू धर्मशास्त्रात मात्र शब्बाथला वर्ज्य असलेल्या ३९ कामांत 'निवडणे' हेही एक आहे. त्यामुळे सूप-चाळणीचे काम शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी उरकावे लागते.

समारोप :
सहा दिवस कर्तव्य असलेले काम सातव्या दिवशी वर्ज्य होते. स्वयंपाकघरातील हे श्रम परंपरेने बहुधा स्त्रियांचे राहिले आहेत. आहारनियमांचा अभ्यास केवळ ग्रंथांवरून न करता या श्रमांचीही नोंद घेऊन होणे आवश्यक आहे.