डिकीतला डबा

बँकेतून निवृत्त झालो आणि साताऱ्याहून सांगलीला आक्काकडे जाणं वाढलं. सौभाग्यवतींना मधुमेह, हॉटेलातला चहा आधीच गोड केलेला. १२ व्होल्टची किटली आणली, पण १५० वॅटवर अर्धा लिटर पाणी उकळायला वीसेक मिनिटं! शेवटी पत्र्याच्या डब्यात छोटी गॅसशेगडी, पातेलं, गाळणं, चहापूड, दूध पावडर, उपम्यासाठी भाजलेला रवा भरला. दंडक एकच: शेगडी गाडीबाहेरच पेटवायची, बंद गाडीत विषारी वायू साठतो.

ऑगस्ट २०१९. कृष्णेचा पूर ओसरल्यावर सांगली गाठली. आक्काचं स्वयंपाकघर चिखलात. अंगणात डबा उघडला. जन्मभर दुसऱ्यांना चहा पाजणाऱ्या आक्कानं स्वतःच्याच दारात पाहुण्यासारखा कप घेतला. म्हणाली, "साखर घाल रे थोडी."

डब्यात साखर नव्हती. तेव्हापासून एक पुडी असतेच.