बर्फावरील निवाडा

१९२७ साली ऑस्लो येथे भरलेल्या फिगर स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेत पाच परीक्षकांपैकी तिघे नॉर्वेचे होते, आणि त्या तिघांनी एकमुखाने आपल्याच देशाच्या चौदा वर्षांच्या सोन्या हेनीला प्रथम क्रमांक दिला, तर ऑस्ट्रिया व जर्मनी यांच्या परीक्षकांनी ऑस्ट्रियाच्या हेर्मा साबोचा पक्ष उचलून धरला. या प्रकाराचा बोभाटा झाल्यावर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने एका देशाचा एकच परीक्षक असा दंडक घातला. दंडक योग्यच होता. परंतु निरनिराळ्या देशांच्या परीक्षकांनी आपसांत मसलत करून मतांची देवाणघेवाण केली तर काय, या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते.

ते उत्तर नसल्याची किंमत २००२ च्या फेब्रुवारीत सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मोजावी लागली. वाद स्त्री-पुरुष जोड्यांच्या प्रकारात उद्भवला. या प्रकारातले सुवर्णपदक १९६४ पासून सोव्हिएत किंवा रशियन स्केटरांकडेच चालत आले होते. अंतिम फेरीपूर्वीच्या सरावात रशियाचा सिखारुलिद्झे व कॅनडाची जेमी साले यांची बर्फावर जोराची टक्कर झाली. पुढे प्रत्यक्ष स्पर्धेत एका उडीनंतर सिखारुलिद्झेचा तोल गेला, आणि साले व डेव्हिड पेलतिए यांनी मात्र एकही ठळक चूक न करता आपला कार्यक्रम पार पाडला. त्या काळच्या पद्धतीत परीक्षक सहापैकी गुण देत असले तरी निर्णय गुणांच्या बेरजेवर नव्हे, तर किती परीक्षकांनी कोणास पहिले ठरविले यावर होत असे. रशिया, चीन, पोलंड, युक्रेन व फ्रान्स एका बाजूस, तर कॅनडा, अमेरिका, जर्मनी व जपान दुसऱ्या बाजूस, असे नऊ परीक्षकांचे पाच विरुद्ध चार पडले आणि रशियाची सरशी झाली. शीतयुद्ध संपून दशक लोटले होते, तरी फ्रान्स वगळता ही विभागणी जुन्या नकाशावरून काढल्यासारखी दिसते.

नेमके फ्रान्सचेच मत संशयास्पद ठरले. फ्रेंच परीक्षक मारी-रेन ल गून्य यांनी प्रथम असा जबाब दिला की, आपल्या संघटनेचे अध्यक्ष दिदिए गायागे यांनी रशियन जोडीस मत देण्याविषयी दडपण आणले होते, व त्याच्या मोबदल्यात बर्फनृत्यात फ्रेंच जोडीस रशियाचे साहाय्य मिळावयाचे होते. नंतर त्यांनी हा जबाब फिरविला. गायागे यांनी तर आरोप मुळातच नाकारला. चौकशीअंती दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. त्यापूर्वीच, म्हणजे स्पर्धेनंतर अवघ्या चार दिवसांत, कॅनडाच्या जोडीस दुसरे सुवर्णपदक देण्याचा हुकूम सुटला होता. रशियन जोडीचे पदकही कायम राहिले. आमच्या मते हा निवाडा नव्हता, सोयीची तडजोड होती. रशियनांचा कार्यक्रम अधिक अवघड व डौलदार होता असे प्रामाणिकपणे मानणारे जाणकारही होते, आणि त्यांच्या म्हणण्याची शहानिशा या घाईत राहूनच गेली.

पुढे सहा गुणांची जुनी पद्धत मोडीत काढून प्रत्येक उडीचे व गिरकीचे स्वतंत्र मोल ठरविणारी नवी पद्धत आली. तिच्याबरोबर एक विलक्षण उपायही आला: कोणत्या परीक्षकाने कोणते गुण दिले हे गुप्त ठेवावयाचे, म्हणजे त्याच्यावर कोणाचे दडपण येणार नाही! दडपण आणणाऱ्यापासून परीक्षकाचे रक्षण यामुळे किती झाले कोण जाणे, पण जनतेच्या डोळ्यांआड त्याला सुरक्षित आसरा मात्र मिळाला. नेमणुकांच्या रिवाजाला तर कोणी हात लावलाच नाही. परीक्षकाचे नाव आजही त्याच्या राष्ट्रीय संघटनेकडूनच पुढे येते, व पुढील स्पर्धेचे आमंत्रण तिच्याच मर्जीवर अवलंबून असते.

२०१४ साली सोचीच्या ऑलिंपिकमध्ये रशियाच्या आदेलिना सोत्निकोवाने कोरियाच्या किम यू-नाला मागे टाकले, तेव्हा परीक्षकांत रशियन संघटनेच्या महासंचालकांची पत्नी होती. शिवाय १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये निकाल आधीच ठरविण्याविषयी दूरध्वनीवर बोलताना ध्वनिमुद्रित झालेले व त्यापायी वर्षभर निलंबित राहिलेले युक्रेनचे युरी बाल्कोव्हही होते. कोरियाने फिर्याद केली. ती फेटाळली गेली. गुणांवरील गुप्ततेचा पडदा काढण्याचा ठराव त्यानंतर दोन वर्षांनी, २०१६ साली, संमत झाला.