खाडीच्या चिखलातील शेवाळ आणि उन्हाचा ताण

ओहोटीनंतर खाडीच्या चिखलावर तपकिरी-सोनेरी रंगाचा पातळ थर आपण नेहमी पाहता. तो नुसता गाळ नसून डायटम या सूक्ष्म शेवाळाची दाट वस्ती असते. पिकांप्रमाणेच हे शेवाळ सूर्यप्रकाशात कर्बवायू घेऊन अन्न तयार करते. तिसऱ्या, कालवे, बोईट व लहान कोळंबी यांना त्यातून खाद्य मिळते.

भरतीचे पाणी असेपर्यंत चिखल फारसा तापत नाही. पाणी उतरताच तो भराभर तापतो. कोकण किनाऱ्यावर अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, ओहोटी दुपारच्या सुमारास येते. एप्रिल-मे महिन्यांत या वेळी उघड्या पडलेल्या शेवाळावर मोठा ताण पडतो.

ठराविक मर्यादेपर्यंत तापमानाबरोबर अन्ननिर्मिती वाढते. त्यापुढे ती झपाट्याने घटते. फ्रान्समधील मारेन-ओलेरों या कालवांच्या खाडीत १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासात सुमारे २५ अंश सेल्सिअसला ती सर्वाधिक आढळली, तर ३८ अंशांच्या आसपास जवळजवळ थांबली. आपल्या उष्ण किनाऱ्यावरील जाती वेगळ्या असल्याने हेच आकडे येथे जसेच्या तसे लागू करू नयेत.

असे का होते? अति उष्णतेने कर्बवायूचे अन्नात रूपांतर करणारी विकरे मंदावतात व प्रकाश शोषणाऱ्या यंत्रणेला इजा होते. श्वसन मात्र वाढते. म्हणजे मिळकत कमी आणि खर्च जास्त! बचावासाठी डायटम चिखलात खाली सरकतात. परंतु तेथे प्रकाश नसल्याने अन्न तयार होत नाही.

खाजणातील कोळंबी तळ्यांसाठी यातून पुढील बोध घ्यावा :

१) उन्हाळ्यात तळ्यात किमान १ मीटर पाणी ठेवावे. उथळ पाण्यात तळाचा चिखल लवकर तापतो.

२) भरतीच्या वेळी उघाडीतून ताजे पाणी घ्यावे.

३) शेवाळ मरून तरंगू लागल्यास ते काढून टाकावे. कुजताना ते पाण्यातील प्राणवायू वापरते. कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो.

४) पहाटे तळ्यावर अवश्य फेरी मारावी. कोळंबी पृष्ठभागावर आलेली दिसल्यास खाद्य थांबवून पाणी त्वरित बदलावे.

चिखलावरचा तपकिरी थर हे खाडीचे कुरण आहे. ते करपू न देणे आपल्याच हिताचे आहे.